आमची वाटचाल : डबा, वायर आणि अर्थिंग

ईपीएबीएक्सचा, म्हणजे ऑफिसातल्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजचा, डबा कुणीही विकतो. ३०८ (तीन लाइन, आठ एक्स्टेंशन) असो वा ४१६, भिंतीवर टांगायला अर्धा तास पुरतो. आमच्या फर्मचं नाव झालं ते वायरिंगमुळे, आणि ते नाव जायची वेळ आली तीही वायरिंगवरूनच.

कामाची सुरुवात कोल्हापूरजवळ शिरोलीच्या फाउंड्र्यांपासून झाली. ऑफिस, गेट, वजनकाटा, पॅटर्न शॉप, मेल्टिंग अशी एक्स्टेंशन्स. आतल्या भागाला ०.५ मिलिमीटरची तांब्याची केबल आणि आवारातून जाणाऱ्या भागाला जेली भरलेली. एमडीएफवर, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र येतात त्या मुख्य चौकटीवर, दहा जोड्यांच्या क्रोन पट्ट्या; त्यांच्या चिमट्यांत वायर टूलने दाबून बसवायची. क्रोनचं टूल आम्ही पोरांच्या हाती लगेच देत नसू. कात्रीची बाजू उलटी धरली तर उरलेलं टोक राहतं आणि कामाची वायरच कापली जाते. काहीजण स्क्रू ड्रायव्हरने वायर दाबतात. त्याने चिमटा फाकतो, फोन त्या दिवशी चालतो आणि पावसाळी दमट हवेत खरखरायला लागतो. एका फोनच्या दोन्ही तारा एकाच पिळलेल्या जोडीतल्या हव्यात, जोडी फोडायची नाही, हा दुसरा नियम. पांढरा-निळाची एक तार आणि पांढरा-नारिंगीची एक तार घेतली तरी टोन येतो, घंटीही वाजते, पण गेटवरच्या माणसाला अकाउंट्सचं बोलणं ऐकू येतं.

मग एका मे महिन्यात वळीव आला. दोन संध्याकाळींत आम्ही बसवलेल्या अकरा सिस्टिम बंद पडल्या. त्याच आठवड्यात एक प्रतिस्पर्धी गिऱ्हाइकांच्या दारोदार फिरला. ‘यांचा मालच सेकंड आहे’ म्हणून सांगत त्याने निम्म्या दराचं कोटेशन पुढे केलं. सहा गिऱ्हाइकं गेली. त्याने तिथे तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल ओढली, हे आम्हाला पुढे ती उघडल्यावर कळलं. माल सेकंड नव्हता, हे आजही छातीठोकपणे सांगतो.

एक गिऱ्हाईक मात्र हललं नाही. त्या मशिनशॉपच्या मालकांना सगळे आण्णा म्हणत. ‘तीन दिवस घ्या, पण कारण शोधा,’ एवढंच ते म्हणाले आणि सिस्टिममधल्या नव्या सर्किट कार्डांचे निम्मे पैसे न मागता दिले. कारण सापडलं ते त्यांच्याच एमडीएफवर. जळलेले सगळे पोर्ट (कार्डावरचे फोनचे जोड) गेट आणि वजनकाट्याचे, म्हणजे केबल उघड्यावरून गेलेले. आतल्या पोर्टांना धक्काही नव्हता. प्रत्येक बाहेरच्या जोडीला तीन पायांची गॅस ट्यूब (विजेचा झटका जमिनीत सोडणारी) होती, पण तिची अर्थ वायर टेलिफोनसाठी खणलेल्या वेगळ्या खड्ड्यात गेली होती. सिस्टिमचा वीजपुरवठा मात्र इमारतीच्या अर्थिंगवर. जवळपास वीज पडली की दोन खड्ड्यांच्या दाबात हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो थेट कार्डावर उतरतो. चूक आमची होती. खड्डा स्वतंत्र असला तर चांगलंच, पण तो इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जाड तांब्याने, कमीत कमी लांबीत, वेटोळं न करता जोडायलाच हवा. अकराही ठिकाणी आम्ही स्वखर्चाने हे केलं. त्यानंतरच्या वळवात आण्णांकडे एकही पोर्ट गेला नाही. सहापैकी चार गिऱ्हाइकं परत आली.

पुढची वर्षं सुरळीत गेली.

आता इंटरनेटच्या नेटवर्कवर चालणारे आयपी फोन आले. गिऱ्हाईक म्हणतं, नेट आहेच, लावून टाका. जी-७११ या आवाजाच्या कोडेकवर एका कॉलला प्रत्येक दिशेला सुमारे ८७ केबीपीएस लागतात. दहा कॉल एकदम चालले तर अपलोडवर किमान एक एमबीपीएस फक्त आवाजासाठी राखून ठेवा, राउटरमध्ये आवाजाला प्राधान्य द्या, नाहीतर कुणीतरी मोठी फाइल चढवली की शब्द तुटतात. मुलाम्याची केबल इथेही नडते : पीओईचा (नेटवर्क केबलमधूनच फोनला दिलेल्या विजेचा) करंट वाहताना तिचा रोध जास्त म्हणून दाब घसरतो आणि लांबच्या टोकाचा फोन मध्येच रिस्टार्ट होतो. केबल घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत चंदेरी दिसली तर दुकानदाराला परत करा.

आणि वीज गेल्यावर फोन हवा असेल तर ४८ व्होल्टच्या सिस्टिमला १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकामागे एक जोडाव्या लागतात. चारही एकाच दिवशी बदला. एकच नवी टाकली तर जुन्या तिघी तिलाही घेऊन बसतात.