राख फक्त 5 टक्के

मे 2022. नागपुरात ऊन मी म्हणत होतं, विजेची मागणी चढलेली आणि कोळशाची ओढाताण. केंद्राने राज्यांच्या वीज कंपन्यांना 10 टक्के परदेशी कोळसा मिसळून जाळायला सांगितलं होतं. आमच्या वीजकेंद्रातल्या 210 मेगावॅटच्या जुन्या युनिटच्या वाट्याला इंडोनेशियाचा कोळसा आला. प्रयोगशाळेचा अहवाल हातोहात फिरला. राख 5 टक्के! आम्हाला सवय 35-40 टक्क्यांची. तासाला दीडशे टनांच्या आसपास कोळसा जाळायचा आणि त्यातली पन्नासेक टन राख उपसत बसायचं. साहजिकच सगळे खूश.

त्या रात्री शिफ्ट माझी. भीती होती ती मिलला, म्हणजे कोळसा दळणाऱ्या चक्कीला, आग लागण्याची, कारण या कोळशात व्होलाटाइल, म्हणजे तापल्यावर वायू होऊन निघणारा भाग, जास्त; तो चटकन पेटतो. मिलच्या तोंडाशी तापमान 65 अंशांच्या वर जाऊ दिलं नाही. रात्रभर डोळे त्याच आकड्यावर. घोटाळा मात्र भट्टीत शिजत होता.

अडीचच्या सुमारास वाफेचं तापमान 540 अंश सोडून वर सरकू लागलं. वाफ निववणारं स्प्रेचं पाणी पूर्ण उघडलं तरी सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या, नळ्या तापतच होत्या. तेवढ्यात वरून बॉयलर अटेंडंटचा फोन :

"साहेब, वर या जी. भिंतीले गूळ लागून राहिला."

निळी काच डोळ्याला लावून पीप होलमधून पाहिलं. वॉटरवॉलच्या, म्हणजे भट्टीच्या भिंतीतल्या पाण्याच्या, नळ्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर लालभडक, चकाकणारा थर, आणि त्याला लोंबणारे थेंब. गुऱ्हाळातल्या कढईच्या काठासारखे.

आमचा बॉयलर बांधला तो इथल्या कोळशासाठी. आपली राख भरपूर, पण वितळायला बहुधा 1400 अंशांच्या पुढे जावं लागतं. त्यामुळे ती कोरडी राहून गॅसबरोबर उडून जाते. तिच्यातल्या गारगोटीच्या कणांनी नळ्या घासल्या जातात, म्हणून मागच्या भागात गॅसचा वेग मुद्दाम कमी ठेवलेला. संथ जळणाऱ्या कोळशाला वेळ मिळावा म्हणून भट्टी ऐसपैस. म्हणजे सगळी तजवीज झिजेविरुद्ध, चिकटण्याविरुद्ध जेमतेमच. आणि हा पाहुणा असा, की त्याची राख बाराशेच्या आतच मऊ होते. ती भिंतीवर बसली की भट्टीतली उष्णता पाण्याला मिळत नाही, तशीच वर सुपरहीटरकडे जाते. वर तापमान का चढतंय ते आता कळलं.

पण 10 टक्क्यांनी एवढं? यार्डात मिश्रण बुलडोझरने केलेलं. कागदावर 10 टक्के, प्रत्यक्षात मिलांना कोळसा पुरवणाऱ्या दोन बंकरांत (टाक्यांत) जवळजवळ निव्वळ इंडोनेशियाचाच माल.

लोड डिस्पॅचला, म्हणजे ग्रिडच्या नियंत्रण कक्षाला, फोन करून लोड उतरवायला घेतला, नळ्यांवरची राख झाडणारे सूट ब्लोअर सुरू केले. उशीर झाला होता. थंड होऊ लागलेला थर एकदम सुटला. हा क्लिंकर, म्हणजे राखेचा घट्ट गोळा, खालच्या राखेच्या हॉपरच्या पाण्यात कोसळला, वाफेचा भडका उडाला, भट्टीचा दाब उसळला आणि युनिट ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. बाहेर सेफ्टी व्हॉल्व्हचा असा आवाज, की कँटीनमधला चहावालाही धावत आला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोरं सळयांनी क्लिंकर फोडत होती. बाहेर उन्हाचा तडाखा, आत हॉपरची धग. वरिष्ठ आले, हातात तोच अहवाल.

"राख तर 5 टक्केच होती ना?"

"हो जी," अटेंडंट म्हणाला, "तेवढीच चिकटली."

अहवालात राख, ओलावा, व्होलाटाइल, उष्मांक सगळं होतं. राख किती अंशांवर मऊ होते हे नव्हतं, आणि मीही ते विचारलं नव्हतं. आता परदेशी कोळसा खालच्या मिलांच्या बंकरांत मोजून जातो, म्हणजे जाळ खाली राहतो आणि वर पोचेपर्यंत गॅस थोडा निवतो. सूट ब्लोअर दर शिफ्टला. आणि अहवालात मी पेनाने एक रकाना आखून घेतला आहे, राख मऊ होण्याच्या तापमानाचा. बऱ्याच रेकना (कोळशाच्या मालगाड्यांना) तो कोराच येतो, मग मी फोन लावतो.