वाटीभर उसळ, मूठभर भात

फ्रीजमधलं अन्न एकदम वाया जात नाही, वाटीवाटीने जातं. रात्री पातेल्यात वाटीभर मटकीची उसळ राहते. टाकायला जीव धजत नाही आणि एवढीशी संपवायला कोणी पुढे येत नाही. मग ती डब्यात शिरते. शेजारी भाताचा डबा आधीपासून बसलेलाच असतो. दोन-तीन दिवसांनी झाकण उघडून वास घेतला जातो, ‘आता नको’ असं ठरतं आणि डबा घासायला पडतो. ताजं अन्न टाकताना जी लाज वाटली असती ती आता वाटत नाही, ही फ्रीजची करामत. भिंतीवर ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ची पाटी लावलेली असली तरीही!

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ सालचा अहवाल सांगतो, की २०२२मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के हॉटेलांतून किंवा लग्नाच्या पंगतींतून नव्हे, तर घराघरांतून. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो. त्यात साली आणि देठंही धरलेली आहेत म्हणून जरा हायसं वाटतं, पण आपल्या डब्यांचा हिशेब आपल्याला ठाऊक असतोच.

यावर आमच्या घरचा उतारा म्हणजे उसळभात. एकट्या उसळीला कोणी विचारत नाही, गार भाताकडे तर कोणी बघतही नाही. पण दोघांना एका कढईत घातलं की लोक आपणहून ताट घेऊन येतात. भात कोलमचा असेल तर उत्तम. इंद्रायणी वरणाबरोबर कितीही गोड लागला तरी इथे गोळा होतो. गार भाताच्या गुठळ्या हाताला तेलाचं बोट लावून मोकळ्या करायच्या. चमच्याने केल्या की शितं मोडतात. लोखंडी कढईत तेल जरा सढळ, मोहरी, हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण. लसूण लाल झाला की आधी एकटी उसळ घालायची आणि तिचा रस पुरता आटू द्यायचा. घाई करून रसासकट भात घातला, की खिचडीसारखं काहीतरी होतं आणि त्याला धड खिचडीची चवही नसते. रस आटून तेल कडेला सुटलं की भात, चिमूटभर गोडा मसाला, झाकण आणि मंद आच. मग ढवळायचं नाही. बुडाला जो तांबूस, कुरकुरीत थर धरतो त्यावरून घरात भांडणं होतात. वरून लिंबू, कोथिंबीर, असेल तर ओलं खोबरं.

याला ताजा भात चालत नाही. भात गार झाला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि शितं सुटी राहतात. पण गार म्हणजे रात्रभर ओट्यावर राहिलेला नव्हे. बॅसिलस सेरियस नावाच्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की जिवाणू वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष मग कितीही परतलं तरी जात नाही. म्हणून जेवणं उरकली की भात पसरट भांड्यात निववून लगेच फ्रीजमध्ये.

ही जोडी फक्त आपलीच नाही. कोस्टा रिका आणि निकाराग्वात आदल्या दिवशीचा भात आणि घेवडा एकत्र परतून सकाळी खातात, त्याला ‘गाय्यो पिंतो’ म्हणतात. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये पूर्वी सोमवार कपडे धुण्याचा वार असायचा. रविवारच्या जेवणातलं हॅमचं हाड टाकून राजमा मंद आचेवर ठेवायचा, धुणं होईतो तो शिजायचा, मग भाताबरोबर खायचा. तिथला जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँग तर पत्रांखाली ‘रेड बीन्स अँड राइसली युअर्स’ अशी सही करायचा. अमेरिकेच्या दक्षिण भागात नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळीभात खातात, ‘हॉपिन जॉन’. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर तिथे पोचलेली ही आपलीच चवळी. आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या त्याच भाताला वेगळं नाव, ‘स्किपिन जेनी’. उरलेल्याचं बारसं करायची ही रीत मला फार आवडली.

कारण आपल्याकडे उरलेल्याला नाव नव्हतं, ताट होतं, आणि ते बहुतेक घरच्या बाईचं असायचं. ‘तुम्हाला गरम वाढते, मला हे आहे’ हे वाक्य किती स्वयंपाकघरांत ऐकलं असेल! जुन्या बायका काही वाया घालवत नसत, असं आपण कौतुकाने म्हणतो. ते वाचलेलं अन्न कुणाच्या पोटात जायचं, हे सांगत नाही. गार भात आणि कालची उसळ एकीनेच ओट्यापाशी उभ्याने संपवायची, याला मी काटकसर म्हणणार नाही. फोडणी घालून ते सगळ्यांच्या ताटांत वाढलं तर म्हणेन.

हल्ली रात्रीच फर्माईश येते, ‘आई, भात जरा जास्त लाव.’ मी लावते. मटकी मात्र मोजूनच भिजवते. ती उरली नाही तर सकाळी कांदा-दाणे घालून साधा फोडणीचा भात करायचा आणि कुरकुर ऐकून घ्यायची.