वस्तूंचे फोटो काढायला स्वस्तातला कॅमेरा कोणता घेऊ?

"छोटा धंदा आहे, मालाचे फोटो स्वतःच काढायचेत, बजेट बेताचं आहे. कोणता कॅमेरा घेऊ?" हा प्रश्न इतक्या जणांकडून येतो की तुम्ही विचारलंत म्हणून आता उत्तर सविस्तरच लिहितो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एका मॉडेलचं नाव हवं असतं. नावं पुढे येतीलच, पण आधी एक गोष्ट पक्की करून घ्या: तुमची वस्तू हलत नाही.

कॅमेऱ्याची किंमत चढते ती सेकंदाला दहा-वीस फोटो, पळत्या माणसाच्या डोळ्यावर चिकटून राहणारा ऑटोफोकस, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) ६४०० लाही स्वच्छ येणारं चित्र, ४के व्हिडिओ आणि बॉडीतलं (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यातलं) स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय, यांमुळे. टेबलावर ठेवलेली बाटली यातलं काहीही मागत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८ (लेन्समधलं उजेडाचं भोक, आकडा मोठा तितकं ते लहान) आणि शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) पाव सेकंद ठेवलं तरी बाटली तक्रार करत नाही. आयएसओ १०० ला दहा वर्षांपूर्वीची बॉडी आणि आजची बॉडी यांच्या फोटोंत फरक शोधायला भिंग लागेल. म्हणूनच या कामाला जुना, सेकंडहँड कॅमेरा बिनधास्त चालतो. लग्नाचे किंवा खेळांचे फोटो काढणाऱ्याला मी हे सांगणार नाही.

मेगापिक्सेलचा हिशेबही एकदा करून टाकू. ऑनलाइन दुकानात फोटोची लांब बाजू २००० पिक्सेल असली की ग्राहकाला झूम करून बघता येतं. पूर्ण ए४ पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर २४८० × ३५०८, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेल लागतात. १६ किंवा १८ मेगापिक्सेलमध्ये कापाकापीला जागा ठेवूनही काम भागतं. २४ असले तर उत्तम, त्याहून जास्त आकड्यासाठी पैसे मोजू नका.

आता जे हवंच ते. पूर्ण मॅन्युअल मोड (सगळे आकडे आपणच ठरवायचे) आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेलं मूळ चित्र). कस्टम व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड कसाही असला तरी पांढरं पांढरंच दिसेल असा रंग आपण बसवणं. स्वस्त बॉडीत केल्विनचा (उजेडाच्या रंगाचा) आकडा टाकायची सोय बहुधा नसते, पण ग्रे कार्डाचा (ठरावीक राखाडी रंगाच्या पुठ्ठ्याचा) फोटो दाखवून रंग बसवता आला की पुरे. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर दिसणारं, चित्र पाच किंवा दहा पट मोठं करून हाताने फोकस करता यायला हवा. वस्तू जमिनीवर मांडून वरून फोटो घ्यायचे असतील तर मागचा स्क्रीन वळणारा हवा, नाहीतर दर फोटोला स्टुलावर चढाल. शेवटची गोष्ट कोणी सांगत नाही: हॉट शूच्या (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या, फ्लॅश बसवायच्या खाचेच्या) मधोमध असलेला गोल पिन. बाहेरचा साधा फ्लॅश ट्रिगर (फ्लॅश दुरून उडवणारं यंत्र) त्याच पिनवर चालतो. कॅननने काही स्वस्त मॉडेलमधून, उदाहरणार्थ २००डी मार्क २ मधून, हा पिन काढून टाकला आहे. तिथे साधा ट्रिगर लावला तर फ्लॅश उडतच नाही, आणि माणूस बॅटऱ्या बदलत बसतो. आज तुम्ही फक्त एलईडी वापरणार असाल तरी फ्लॅशची वाट बंद करून घेऊ नका.

या चाळणीतून सहज पार होणारी नावं अशी: निकॉन डी३३०० आणि डी५३००, कॅनन ७००डी आणि जुना २००डी (मार्क २ नव्हे), सोनी ए६०००. यातला ७००डी १८ मेगापिक्सेलचा, बाकी सगळे २४ चे. माझी पहिली पसंती ७००डी किंवा २००डी. दोन्हींचा स्क्रीन वळतो, त्यावर बोटाने फोकस देता येतो, आणि कॅननचं ईओएस युटिलिटी फुकट मिळतं. केबल लावली की लॅपटॉपवर मोठं चित्र बघत शटर मारता येतं. बाटलीवरचं लेबल अर्धा अंश तिरकं आहे हे तीन इंची स्क्रीनवर कळत नाही, लॅपटॉपवर लगेच डोळ्यात भरतं.

डी५३०० ची फाइल उत्तम, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. लाइव्ह व्ह्यू चालू असताना अ‍ॅपर्चरचा आकडा बदलला तरी लेन्सची पाती तेव्हाच हलत नाहीत, त्यामुळे किती भाग फोकसमध्ये येणार ते फोटो काढल्यावरच दिसतं. दुसरं, याच्या आणि डी३३०० च्या सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या चिपवर) लो-पास फिल्टर, म्हणजे फार बारीक तपशील किंचित मऊ करणारी काच, नाही. बारीक विणीच्या कापडावर कधीकधी रंगीत लाटा उठतात, त्याला मोआरे म्हणतात. कॅमेरा थोडा पुढेमागे घ्या किंवा किंचित तिरका करा. नाही गेल्या तर एफ १६ वर जा, थोडा मऊपणा येऊन लाटा विरतात. तुमचा माल कापडाचा असेल तर मी कॅननच घ्या म्हणेन.

ए६००० लहान आणि छान आहे. फक्त फ्लॅशवर काम करताना स्क्रीन काळाकुट्ट होतो आणि नवखा माणूस घाबरतो. कॅमेरा बिघडलेला नसतो. तो दाखवतोय ते फ्लॅश न उडता येणारं चित्र. मेनूतलं लाइव्ह व्ह्यू डिस्प्ले 'सेटिंग इफेक्ट ऑफ' केलं की दिसू लागतं.

खरा विचार करायचा तो लेन्सचा. "५० एमएम एफ १.८ घ्या, स्वस्त आणि शार्प" हा सल्ला सगळीकडे मिळतो. कपडे, चपला, पिशव्या यांना तो बरोबर आहे, दागिन्यांना चूक. कॅननची ५० एमएम एसटीएम ३५ सेंटीमीटरपेक्षा जवळ फोकस करत नाही आणि तिचं मॅग्निफिकेशन (वस्तूच्या मूळ आकाराच्या किती पट ती सेन्सरवर उमटते) जास्तीत जास्त ०.२१. म्हणजे २० मिलिमीटरची अंगठी सेन्सरवर सव्वाचार मिलिमीटरचीही उमटत नाही. ७००डी चा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद, त्यावर ५१८४ पिक्सेल. अंगठीच्या वाट्याला जेमतेम ९७५ येतात. आता त्याच बॉडीबरोबर आलेली १८-५५ एफ ३.५-५.६ एसटीएम ही किट लेन्स घ्या, जिला लोक नाक मुरडतात. ती ०.३६ पर्यंत जाते, आणि तीच अंगठी १६७० पिक्सेलची मिळते. गंमत म्हणजे पुढे आलेली छोटी १८-५५ एफ ४-५.६ एसटीएम फक्त ०.२५ पर्यंतच जाते. नाव जवळपास सारखंच, म्हणून घेताना लेन्सवरचे आकडे वाचा.

दागिने, घड्याळं, मणी असा माल असेल तर शेवटी मॅक्रो (अगदी जवळून फोकस करणारी) लेन्सच लागते. निकॉनची ४० एमएम मायक्रो स्वस्त आहे आणि वस्तू मूळ आकारात सेन्सरवर उतरवते, पण त्यासाठी इतकं जवळ जावं लागतं की लेन्सची सावली वस्तूवर पडते. ६० किंवा ९० एमएमची जुनी मॅक्रो बरी. निकॉनच्या जुन्या ६० एमएम एएफ-डी ला डी३३०० वर ऑटोफोकस मिळत नाही, कारण बॉडीत मोटर नाही. तुम्ही फोकस हातानेच करणार आहात, त्यामुळे बिघडत काहीच नाही. फक्त लेन्सवरची अ‍ॅपर्चर रिंग सगळ्यात मोठ्या आकड्यावर नेऊन लॉक करा, नाहीतर कॅमेरा एरर दाखवून अडून बसतो.

मॅक्रोला पैसे नसतील तर एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) घ्या. ५० एमएमच्या मागे २५ एमएमची ट्यूब लावली की मॅग्निफिकेशन साधारण ०.७ होतं. कॅननसाठी घेताना आत इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट असलेलीच घ्या. बिनकॉन्टॅक्टच्या ट्यूबवर अ‍ॅपर्चर बदलत नाही, लेन्स पूर्ण उघडी राहते आणि अंगठीचा खडा फोकसमध्ये आला की कडं धूसर होतं.

मोठ्या वस्तूंना उलटा प्रश्न येतो, जागेचा. ५० एमएम लेन्स आणि एपीएस-सी सेन्सरवर (वरच्या सगळ्या कॅमेऱ्यांत याच आकाराचा आहे) ६० सेंटीमीटर रुंद वस्तू पूर्ण बसवायला सव्वा ते दीड मीटर लांब जावं लागतं. १.८ मीटर उंचीचा पुतळा, कॅमेरा उभा धरून, तर जवळजवळ चार मीटर, शिवाय भोवती मोकळी जागा वेगळी. खोली लहान असेल तर ३५ एमएम घ्या किंवा किट लेन्स त्या आकड्यावर ठेवा, तीनएक मीटरमध्ये काम होतं. १८ एमएमवर मात्र येऊ नका. वस्तूची कॅमेऱ्याजवळची बाजू फुगते आणि बरणी खाली निमुळती दिसते. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचं दुखणंही हेच आहे. मोबाइलच वापरायचा असेल तर मागे सरका आणि २ किंवा ३ पट झूमची वेगळी लेन्स वापरा. त्याचा दुसरा दोष जास्त छळतो: तो प्रत्येक फोटोला रंग स्वतः ठरवतो. एकाच ताग्याचे दोन फोटो दोन रंगांचे येतात आणि माल परत येतो.

अ‍ॅपर्चर एफ ८ ते एफ ११ ठेवा. सगळं शार्प यावं म्हणून एफ २२ लावणारे बरेच भेटतात. तिथे डिफ्रॅक्शनमुळे (लहान भोकातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) सगळंच सारखं मऊ होतं. लहान वस्तू एफ ११ ला पूर्ण फोकसमध्ये येत नसेल तर फोकस थोडाथोडा सरकवत पाच-सहा फोटो घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये जोडा. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, शटर दोन सेकंदांच्या टायमरवर.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर फोटो राखाडी येतो, त्यात कॅमेऱ्याचा दोष नसतो. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी समजतो, म्हणून एक ते पावणेदोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त उजेड द्यावा लागतो. पण पार्श्वभूमी फार भडकवली तर पांढऱ्या वस्तूच्या कडाच गायब होतात. रंग बिघडण्याचं नेहमीचं कारण वेगळंच: एका बाजूने खिडकी, दुसऱ्या बाजूने घरातली ट्यूब. कुठलाही व्हाइट बॅलन्स दोन्हींना एकदम सावरू शकत नाही. एकच प्रकारचा उजेड ठेवा, आणि एलईडी घेताना सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वरचा घ्या. बॉडीवर वाचवलेला पैसा इथे आणि न डुगडुगणाऱ्या ट्रायपॉडवर घाला. कॅमेऱ्यात कलर स्पेस (फाइलमध्ये रंग नोंदवायची पद्धत) एसआरजीबी ठेवा. अ‍ॅडोबी आरजीबी वेबवर कधीकधी फिकट, मेलेला दिसतो.

सेकंडहँड बघायला जाल तेव्हा शटर काउंटने (आजवर काढलेल्या फोटोंच्या आकड्याने) घाबरून जाऊ नका. पन्नास हजार झालेत म्हणून विकणारा भाव पाडत असेल तर उलट बरंच. या वर्गातल्या बॉडीचं शटर लाखाच्या आसपास टिकेल असं धरतात, आणि तुम्ही दिवसाला शंभर फोटोसुद्धा काढणार नाही. तपासायचं ते हे: एफ २२ वर कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा फोटो, फोकस मुद्दाम घालवून. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते. साफ केल्यावरही ठिपका तिथेच राहिला तर ओरखडा असू शकतो, मग घेऊ नका. लेन्समधून टॉर्च आरपार मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी नको. हॉट शूमध्ये गंज नाही ना, ट्रायपॉडचे आटे घट्ट बसतात ना, यूएसबीची खाच सैल नाही ना, हे हाताने बघा. लाइव्ह व्ह्यू दहा मिनिटं चालू ठेवा. जुनी बॅटरी तेवढ्यात मान टाकत असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून वजा करा. आणि व्यवहार पुरा व्हायच्या आधी एक रॉ फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर उघडून बघा.