डंपरमागे किती डिझेल?

डिझेल फार जातंय, उद्यापासून सगळे पोकलेन ई मोडवरच, म्हणजे डिझेल वाचवणाऱ्या इकॉनॉमी मोडवरच चालवायचे, असा वरून आदेश आला तेव्हा आमचं कटिंग नेमकं कडक मुरमात होतं. २० टनी मशीनच्या लॉगबुकात तासाला १६ लिटर दिसत होते आणि हाच आकडा वरिष्ठांच्या डोळ्यांत खुपला होता. साइटवरची मशिनरी मी बघतो, त्यामुळे अंमलबजावणी माझ्याकडेच आली.

सकाळी टाकी काठोकाठ भरून काम सुरू केलं. ई मोडमध्ये इंजिनाचे आरपीएम उतरतात, हायड्रॉलिक पंप कमी तेल ढकलतो आणि मशीनच्या हालचाली मंदावतात. मोकळ्या मातीत याने काही बिघडत नाही, तिथे ई मोडच लावावा. इथे मात्र बकेट एका ओढीत भरेना. दोनदा ओढायची, तरी अर्धवट. थोड्याच वेळात डंपरची रांग लागली आणि रांगेतल्या प्रत्येकाचं इंजिन चालू.

दुपारी टाकी पुन्हा भरून हिशेब केला. तासाला १४ लिटर. फोनवर कळवलं तर पलीकडे आनंदच झाला. मी म्हटलं, "सर, डंपर किती भरले तेही बघा. काल तासाला १०, आज ८. म्हणजे डंपरमागे काल १.६ लिटर गेलं, आज १.७५. रांगेतल्या डंपरांचं डिझेल यात धरलेलंच नाही." थोडा वेळ शांतता. मग, "ठीक आहे, संध्याकाळपर्यंत तुम्हाला हवं तसं चालवून दाखवा."

मी पॉवर मोड, म्हणजे कालचाच पूर्ण ताकदीचा मोड, लावायला सांगायला गेलो, तर आमचे सर्वांत जुने ऑपरेटर काका म्हणाले, "मोडचं नंतर बघू साहेब. आधी मशीन उभं कुठे आहे ते बघा."

मशीन आणि डंपर एकाच पातळीवर होते आणि डंपर मशीनच्या पाठीमागे लागत होता. म्हणजे दर बकेटला जवळजवळ अर्धी गिरकी, वर भरलेली बकेट डंपरच्या फाळक्यापेक्षा उंच उचलायची. घड्याळ लावलं. कालच्यासारखा पॉवर मोड लावूनही एका फेरीला, म्हणजे बकेट भरून, ओतून परत यायला, २४ सेकंद लागत होते. डंपर भरायला १४ बकेट लागतात.

काकांनी आधी बेंच, म्हणजे मशीन उभं करायला मातीचा उंच ओटा, करून घेतला. मशीन वर, डंपर खाली आणि बाजूला, गिरकी साधारण ६० अंशांची. बेंच फार उंच केला तरी पंचाईत होते, बकेट पायथ्यापर्यंत नीट पोचत नाही. आर्मच्या, म्हणजे बकेट ज्याला जोडलेली असते त्या दांड्याच्या, लांबीएवढी उंची पुरते. मग पॉवर मोड लावून तरुण ऑपरेटरला बसवलं आणि काका केबिनच्या बाजूला, त्याला दिसतील असे उभे राहिले.

पहिल्याच ओढीत बकेट एका दगडाला अडली. पोराने लिव्हर पूर्ण ओढून धरला. बकेट हलेना, इंजिन घुमायला लागलं, सायलेन्सरमधून काळा धूर. अशा वेळी हायड्रॉलिकचा दाब ३५० बारच्या आसपास, म्हणजे मर्यादेपर्यंत चढतो, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल काहीही काम न करता हायड्रॉलिकच्या टाकीत परत जातं. डिझेल जळतं ते फक्त तेल तापवायला. कुठल्याही मोडपेक्षा ही सवय मला जास्त महाग वाटते, आणि ती लॉगबुकात कधीच दिसत नाही. काकांनी हातानेच खूण केली : बूम (मशीनचा मुख्य हात) जरासा उचल, बकेटचा कोन बदल, पातळ थर घे. दगड बाजूने सुटला. तासाभरात पोराचा हात बसला.

फेरी १७ सेकंदांवर आली. एका फेरीत सात सेकंद म्हणजे फार वाटत नाहीत, पण १४ बकेटांचे ९८ सेकंद होतात, तेही प्रत्येक डंपरला. संध्याकाळी आकडा आला : तासाला १६ लिटरच, पण डंपर १३. डंपरमागे १.२३ लिटर. हे आकडे पाठवल्यावर सरसकट ई मोडचा आदेश मागे घेतला गेला. मोड आता थर बघून साइटवरच ठरतो आणि लॉगबुकात डिझेलशेजारी डंपरचा रकाना असतो.

त्या दिवशी शेवटच्या तासात मात्र उलटंच झालं. रांग संपली आणि पोकलेन डंपरची वाट बघत उभा राहू लागला. सुपरवायझर म्हणाला, आणखी एक डंपर लावू. मी आधी रस्ता पाहायला गेलो. उतारावर चाकं पाच सेंटिमीटर तरी रुतत होती. चाक एक सेंटिमीटर रुतलं की गाडी पुढे न्यायला टनामागे साधारण ६ किलो ओढ जास्त लागते. २५ टनांचा भरलेला डंपर धरला, तर ७५० किलोची जास्तीची ओढ झाली, आणि तिथे गाडी खालच्या गिअरमध्ये रडत चढत होती. नवा डंपर आणला असता तर त्यानेही तिथेच डिझेल जाळलं असतं. मी रस्ता सपाट आणि घट्ट करायला ग्रेडर आणि रोलर मागवला.