खाली दुकानं, वर पोरं आणि मधे नगररचना

लातुरात रस्त्याला लागून दहा-बारा गुंठे ज्याच्याकडे आहेत, त्याच्या डोक्यात एकच इमारत उभी असते. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर क्लास नाहीतर अभ्यासिका, त्याच्या वरती पोरांच्या खोल्या आणि सगळ्यात वर आपलं घर. नीट-जेईईची पोरं दरवर्षी येतात, त्यांना खोली लागते, डबा लागतो, झेरॉक्स लागतं. दुकान आणि बिऱ्हाड एकाच छपराखाली, यात आमच्या गावाला नवीन काहीच नाही. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यांच्या आतल्या गल्ल्यांत खाली पेढी नि वर संसार कितीतरी वर्षं चाललाय. नियमात याला ‘मिश्र वापर’ म्हणतात, हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं.

माझं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. वडिलांच्या माघारी बार्शी रोडच्या आतल्या बाजूची ११ गुंठे जागा दादाच्या आणि माझ्या नावावर आली. लहानपणी तिथं आम्ही हरभरा खायला जायचो. शहर सरकत सरकत तिच्यापर्यंत येऊन पोचलं, शेजारी मंगल कार्यालय झालं आणि मग आम्हालाही बांधायची घाई सुटली.

आणि मी केलं काय, तर सगळ्यात आधी इमारतीचा फोटो काढून घेतला! म्हणजे एका पोराकडून संगणकावर थ्रीडी करून घेतलं. समोर निळी काच, खाली उजळलेली शोरूम, दारात एक परदेशी गाडी, आणि आभाळ असं की लातुरात तसं कधी दिसलेलंच नाही. घरात सगळ्यांना दाखवलं. आईनं चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, “लिंब कुठाय?” जागेच्या तोंडाशी वडिलांनी लावलेलं लिंबाचं झाड आहे. थ्रीडीवाल्यानं तिथं दोन पाम लावले होते.

तो कागद घेऊन मी महापालिकेच्या नगररचना विभागात गेलो. आर्किटेक्ट मॅडम बरोबर होत्या. मित्राचीच मुलगी, त्यामुळे मला ‘काका’ म्हणते आणि खरं बोलायला कचरत नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की पक्का नकाशा करून ऑनलाइन टाकायच्या आधी कच्चा आराखडा एकदा दाखवून घेऊ. याला आमच्याकडे काही नाव नाही. अर्ज नाही, फी नाही, पोच नाही. भेटायच्या वेळेत जायचं, समोरच्याच्या हातातलं काम संपेस्तोवर थांबायचं आणि विचारायचं. पण माझं ऐकाल तर अख्ख्या प्रकरणात सगळ्यात कामाचा हाच अर्धा तास होता.

तिथल्या इंजिनिअर बाईंनी माझं थ्रीडी पाच सेकंद बघितलं आणि कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर पेनानं चौकोन काढला आणि म्हणाल्या, “काका, झोन दाखला आणि भाग नकाशा आणलाय का?” मी सातबारा पुढं केला. त्या हसल्या. सातबारा सांगतो जागा कोणाची. त्या जागेवर काय होऊ शकतं, ते विकास योजनेचा भाग नकाशा सांगतो.

आठवड्यानं भाग नकाशा हातात आला. झोन निवासी होता, ते ठीकच. पण समोरचा रस्ता, जो मी जन्मभर ९ मीटरचा बघत आलो, तो योजनेत १८ मीटरचा होता. मला आधी आनंद झाला. गावठाणाबाहेर १२ मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावरच्या निवासी प्लॉटवर दुकानं, ऑफिसं, क्लास यांना मोकळीक मिळते, आणि रस्ता रुंद तसं जास्तीचं चटईक्षेत्र, म्हणजे बांधता येणारं सगळ्या मजल्यांचं मिळून क्षेत्र, विकत घेता येतं. २ डिसेंबर २०२० ला राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली, तिला सगळे यूडीसीपीआरच म्हणतात. मुंबई वगैरे काही भाग सोडले तर ती बहुतेक सगळ्या महाराष्ट्राला लागू आहे. त्यामुळे पुण्यातला मेहुणा जे सांगत होता, ते या वेळी पहिल्यांदाच आम्हालाही लागू होत होतं.

मग बाईंनी त्याच उलट्या कागदावर एक रेघ ओढली. रस्ता मध्यापासून दोन्हीकडे सारखा वाढणार. म्हणजे आमच्या बाजूनं साडेचार मीटर. आमची दर्शनी लांबी २४ मीटर. चोवीस गुणिले साडेचार, १०८ चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे १०१ च्या आसपास. सरळ एक गुंठा आणि वर थोडी जागा रस्त्यात. समोरचं मोकळं अंतर सोडायचं ते त्या नव्या रेघेपासून, आज दिसणाऱ्या गटारापासून नाही. त्या पट्ट्याच्या बदल्यात चटईक्षेत्र मिळतं, फुकट जात नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. तरी त्या रात्री मी जेवलो नाही. चटईक्षेत्र कागदावर असतं, गुंठा डोळ्याला दिसतो.

काचेची शोरूम साडेचार मीटर मागं गेली. थ्रीडीचे आठ हजार तर गेलेच.

पुढच्या भेटीत खरा प्रश्न आला. “हा मजला काय म्हणून वापरणार?” प्रत्येक मजल्यावर बोट ठेवून त्या हेच विचारत होत्या. मी म्हणालो, “बघू की, जे चालेल ते.” हे उत्तर तिथं चालत नाही. आणि का चालत नाही, हे कळायला मला दोन दिवस लागले.

मिश्र वापराच्या इमारतीत सगळं काही त्या एका उत्तरावर लटकलेलं असतं. मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.१, म्हणजे प्लॉटच्या १.१ पट बांधकाम. त्यावर जिने, बाल्कनी, पॅसेज यांसाठी पूरक चटईक्षेत्र प्रीमियम भरून घेता येतं. निवासी वापराला ते ६० टक्क्यांपर्यंत, बिगरनिवासीला ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे १०० चौरस मीटर घर असेल तर वर साठ, १०० चौरस मीटर दुकान असेल तर वर ऐंशी. म्हणून दोन्हींचं क्षेत्र वेगवेगळ्या तक्त्यात मांडावं लागतं. विकास शुल्काचा दर वाणिज्य वापराला निवासीच्या दुप्पट. पार्किंग दुकानांचं वेगळं, घरांचं वेगळं मोजायचं. अभ्यासिकेत दिवसभर शंभर पोरं बसणार असतील तर संडास किती, जिना किती रुंद, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? घरमालकिणीनं रात्री अकराला भाजी घेऊन क्लासच्या गर्दीतून वर जायचं का? हा शेवटचा प्रश्न बाईंचा स्वतःचा होता, नियमातला नाही. त्यावरूनच आम्ही घराचा आणि खोल्यांचा जिना मागच्या अंगाला वेगळा काढला. त्यात एका दुकानाची मागची खोली गेली, पण आज विचाराल तर तो बदल मी पैसे देऊन करून घेतला असता.

याच दिवसांत एक एजंट भेटला. कोणत्याही सरकारी कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर असा एक माणूस असतोच. त्याचा सल्ला सोपा होता. सगळं निवासी दाखवा, शुल्क अर्धं लागेल, पार्किंग कमी लागेल, भोगवटा, म्हणजे इमारत वापरायचा दाखला, मिळाला की खाली शटर बसवा, सगळे असंच करतात. शिवाय म्हणे ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर नकाशा आपोआप मंजूर होतो, तुम्ही फक्त टाकून द्या. यातलं दुसरं वाक्य अर्धं खरं आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ४५ मध्ये ६० दिवसांची तरतूद आहे खरी, पण मानीव परवानगी चालते ती नियमात बसणाऱ्या बांधकामालाच. निवासी दाखवून शटर बसवणारा त्यात कसा बसेल? आणि पहिल्या वाक्याचं म्हणाल, तर मी हिशेबी माणूस. खतात माती मिसळणारे दुकानदार मी बघितलेत. ज्या इमारतीत लोकांची लेकरं झोपणार, तिच्या कागदात मला तसलं काही नको होतं. दादाला हा माझा भाबडेपणा वाटला, त्यानं तसं तोंडावर सांगितलंही. आठ दिवस आमचं बोलणं बंद होतं.

कॉलमची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्याकडे गुत्तेदारांना नऊ इंची कॉलम आवडतो, कारण तो भिंतीत लपतो, खोलीत कोपरा निघत नाही. कच्च्या आराखड्यात मागच्या बाजूचं पार्किंग नऊ इंची कॉलम धरूनच बसवलं होतं. कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंत सव्वापाच मीटर, त्यातून २३ सेंटिमीटर वजा, उरले ५.०२ मीटर. एक गाडी अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे शेजारी-शेजारी दोन गाड्या बरोबर बसतात. बाईंनी विचारलं, “स्ट्रक्चरवाल्यांना दाखवलंय का?” दाखवलं नव्हतं.

स्ट्रक्चरवाले म्हणजे साठी ओलांडलेले गृहस्थ. त्यांनी नकाशा बघून मान हलवली. भूकंपाच्या मानकाप्रमाणे कॉलमची कुठलीच बाजू ३०० मिलिमीटरपेक्षा कमी नको, म्हणजे बारा इंच. मी वाद घातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो, दुसऱ्या दिवशी गावातल्या पोरांबरोबर मदतीला गेलो होतो. पडली ती दगड-मातीची घरं, जाड भिंतींची, आरसीसी नव्हे, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “खरं आहे. पण २६ जानेवारी २००१ ला भूज हलला तेव्हा तिथून एवढ्या लांब अहमदाबादेत काय पडलं? खाली मोकळं पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले मजले, अशा इमारती. तुम्ही तीच बांधताय.” मग मी गप्प बसलो.

बारा इंची कॉलम धरले तर मधे उरले ४.९५ मीटर. पाच सेंटिमीटर कमी. बोटाच्या दोन पेरांइतकं अंतर, पण तेवढ्यासाठी मागची सगळी आखणी बदलली, एक खोली कमी झाली, आणि हे सगळं पेन्सिलवर झालं. पक्का नकाशा करून, चलन भरून, पायाचे खड्डे काढल्यावर हेच कळलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब मी मुद्दाम केला नाही.

स्थळ पाहणीला कनिष्ठ अभियंता टेप घेऊन आले. रस्त्याच्या मधोमध चुन्याचा ठिपका, तिथून नऊ मीटर आत, तिथं खुंटी. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात. खुंटी ठोकल्यावर लिंब तिच्या रस्त्याकडच्या बाजूला राहिला, हातभर अंतरानं. झाड नकाशात दाखवावंच लागतं, तोडायचं तर वेगळी परवानगी लागते. आम्ही ते दाखवलं आणि ‘राखणार’ असं लिहिलं. पुढं रस्ता होईल तेव्हा त्याचं काय, ते तेव्हाचे लोक बघतील. आईला मी एवढंच सांगितलं की नकाशात लिंब आला. दोन पाम गेले.

पावसाच्या पाण्याच्या साठवणीबद्दल मात्र कुणी सांगायची वेळच आली नाही. ५०० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला ती लागतेच. पण २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीनं पाणी आलेलं ज्यानं बघितलंय, तो छतावरचं पाणी गटारात सोडत नाही. टाकी आम्ही लागते त्यापेक्षा मोठी धरली.

जमिनीच्या कागदांचा त्रास नगररचनेत झाला नाही, तो बँकेत झाला. बँकेच्या वकिलांना १९५४ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, हवं होतं. मराठवाडा निजामाकडे होता, त्यामुळे आमच्या जमिनींची मुळं हैदराबादच्या दफ्तरात असतात. इनाम होती का, कूळ होतं का, वर्ग एक की दोन, हे तिथून वर काढावं लागतं. आजोबांच्या खरेदीचा एक कागद उर्दूत निघाला. तो मोंढ्यातल्या आमच्या एका जुन्या हमालाच्या वडिलांनी वाचून दाखवला, वाचताना अधूनमधून माझ्या आजोबांच्या आठवणी सांगत. त्या कागदाचं रीतसर भाषांतर नंतर करून घेतलं, पण मला लक्षात राहिलंय ते ओट्यावरचं वाचन.

बाकीचं भराभर झालं. नकाशा ऑनलाइन दाखल झाला. तीन त्रुटी निघाल्या, तिन्ही आर्किटेक्टच्या बाजूच्या आणि किरकोळ. एका ठिकाणी जिन्याची रुंदी लिहायची राहिली होती. मग चलन आलं. विकास शुल्क, पूरक चटईक्षेत्राचा प्रीमियम, बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार उपकर, आणि बाकीच्या लहानमोठ्या रकमा. एकूण आकडा बघून दादा म्हणाला, “तो एजंट बरा होता.” पण सही त्यानंच आधी केली. जमीन योजनेत निवासी असल्यामुळे अकृषिकची वेगळी परवानगी लागली नाही, रूपांतरण कर भरून सनद मिळाली.

प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, हातात आलं तेव्हा मी त्याच इंजिनिअर बाईंना पेढे द्यायला गेलो. त्यांनी एक उचलला, बाकीचा डबा टेबलांवर फिरवला आणि सांगितलं की जोत्यापर्यंत काम आलं की थांबायचं, तपासणी झाल्याशिवाय पुढं जायचं नाही. आणि हे प्रमाणपत्र दर वर्षी नूतनीकरण करून चार वर्षं चालतं, तेवढ्यात उरका.

जोते तपासणी दिवाळीआधी झाली. टेप तीच, खुंटी तीच. आता पहिला स्लॅब पडलाय, खालच्या दोन दुकानांना गिऱ्हाईक विचारून गेलंय. परवा दादा सेंट्रिंगखाली उभं राहून वर बघत म्हणाला, “अभ्यासिका आता गल्लोगल्ली झाल्यात. इथं मेस काढली तर?”

मी त्याला आर्किटेक्ट मॅडमचा नंबर दिला.