ओपन सोर्स आहे ना, मग बदलून का मिळत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून. निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार फिरून फिरून हेच विचारतात: ड्रिपचे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या पॅनलमध्ये लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे, तुम्हीच म्हणता ती मोकळी, म्हणजे कुणीही बघून बदलावी अशी आहे, मग एवढी एक चूक का काढून देत नाही?

चूक साधी. थ्री फेज गेली आणि परत आली, की पॅनल पुन्हा पहिल्या व्हॉल्व्हपासून सुरू होतं. ऑक्टोबर छाटणीनंतर पहिल्या दोन प्लॉटला खताचा दुप्पट डोस, शेवटचे कोरडे.

मेनूच्या शेवटच्या पानावर जीपीएल, म्हणजे लिनक्सचं लायसन्स, आवृत्ती २ आहे, १९९१ ची. सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, सोबत द्या, नाहीतर मागेल त्याला देऊ अशी किमान तीन वर्षं चालेल अशी लेखी हमी द्या, असं ती म्हणते. मागितला की कंपनीकडून एक झिप येते: कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि बिझीबॉक्स (छोट्या कमांडचा संच). व्हॉल्व्हचा क्रम ठरवणारा प्रोग्रॅम त्यात नसतो. तो कर्नलवर चालतो, कर्नलचा भाग नाही, म्हणून त्याला जीपीएल लागत नाही. जे बिघडलंच नाही, त्याचा सोर्स हातात!

बरं, तो प्रोग्रॅम आपणच लिहू. बोर्डवरच्या सिरियल पिनांना तीन वायरी: टीएक्स (पाठवायची), आरएक्स (घ्यायची), ग्राउंड. लॅपटॉपला जोडणारा यूएसबी अडॅप्टर ३.३ व्होल्टचाच, ५ चा लावलात तर चिप जाऊ शकते. सप्लायची चौथी पिन मोकळी ठेवा. स्पीड बहुतेकदा ११५२००. पॅनल सुरू करणाऱ्या यू-बूट प्रोग्रॅमच्या ओळी सरकतात, आपली इमेज (बदललेल्या सॉफ्टवेअरची फाइल) वाचली जाते, आणि तिच्यावरची डिजिटल सही जुळली नाही म्हणून गाडी तिथेच अडते. सही तपासायच्या कंपनीच्या किल्लीचा हॅश, म्हणजे तिचा ठसा, चिपच्या आतल्या फ्यूजमध्ये जाळलेला असतो. फ्यूज एकदाच लिहिता येतो. इन्स्टॉलच्या स्क्रिप्ट द्या असं आवृत्ती २ सांगते. त्यात किल्ली येते का, यावर वकील अजून भांडतात.

पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचो, आवृत्ती ३ असती तर हे झालंच नसतं. अर्धवट ज्ञान होतं ते. २००७ च्या त्या आवृत्तीत किल्लीसकट माहिती द्यायची अट आहे खरी, पण ती वैयक्तिक आणि घरगुती वापराच्या वस्तूंपुरती. बागेतलं पॅनल किंवा अंबड एमआयडीसीच्या गाळ्यातलं सीएनसी मशीन त्यात बसवून दाखवा. आणि कर्नल तर आवृत्ती २ वरच आहे.

पण लायसन्स कागदी वाघ आहे असं कुणी म्हटलं की मीच भांडायला उठतो. तोडगाही त्याच्याच जिवावर निघतो ना! जुनं पॅनल बाजूला, व्हॉल्व्हच्या २४ व्होल्टच्या वायरी रिले बोर्डवर, मागे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्यावर तेच मोकळं लिनक्स. प्रत्येक व्हॉल्व्ह बंद झाला की त्याचा नंबर फाइलमध्ये लिहायचा, म्हणजे लाइट आली की पुढच्यापासून सुरू. आणि लगेच एफसिंक, म्हणजे लिहिलेलं खरोखर कार्डवर उतरवायची कमांड, नाहीतर लाइट जाताना फाइल रिकामी उरू शकते.

आणि तुम्ही विचारायच्या आत सांगतो: त्या पायला बूट करणारं फर्मवेअरही (आतलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) बंदच आहे, त्याचा सोर्स मिळत नाही. ते आपली इमेज अडवत नाही, एवढंच.