फॉर्मवर ठोकून दिलेले ९००

ड्रॅग रेसच्या गाडीसाठी टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) मागवायच्या फॉर्मवर ताकदीसाठी एकच चौकोन होता. त्यात मी ऐटीत ९०० हॉर्सपॉवर लिहिले. इंजिन तेव्हा जेमतेम साडेसहाशेचं. पुढच्या हंगामात बूस्ट (टर्बोचार्जर इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब) वाढवायचा बेत होता, तोच आकडा आधी लिहून टाकला. ड्रायव्हरसकट वजन, मागच्या टायरचा व्यास, डिफरेन्शियलचा रेशो, गिअरबॉक्स, हे सगळं पाच मिनिटांत भरून झालं. (गिअरबॉक्स टर्बो ४००. नावात टर्बो असला तरी टर्बोचार्जरशी त्याचा काही संबंध नाही, हे मी आजवर शंभर जणांना सांगितलं असेल.)

आठ आठवडे थांबलो, कन्व्हर्टर आला, बसवला. ट्रॅकवर ट्रान्सब्रेकचं (सुटेपर्यंत गिअरबॉक्स अडवून गाडी जागेवर धरणारं) बटण दाबलं, ॲक्सिलरेटर तळाला टेकवला आणि इंजिनाच्या वेगाचा काटा २८०० आरपीएमवर जाऊन बसला. तिथून हलेचना. बूस्टचा काटा शून्याच्या जरासा वर. शेजारची गाडी स्टार्ट लाइनवर लागून ताटकळतेय, गिअरबॉक्सचं तेल तापतंय आणि मी नुसता आवाज करतोय. टर्बोला जागं व्हायला वेग हवा, इंजिनाला तो वेग गाठायला बूस्ट हवा, आणि कन्व्हर्टर दोघांनाही सोडायला तयार नाही!

कन्व्हर्टर बनवणाऱ्यांना फोन केला तर उत्तर मिळालं, ‘तुम्ही लिहिलंत त्याच ताकदीसाठी बनवलाय.’ खरं होतं (९०० साठी बनवलेला कन्व्हर्टर कमी ताकदीच्या इंजिनाला घट्ट पडतो), म्हणूनच जास्त झोंबलं. पण टर्बो केवढा आहे, बूस्ट कितीपासून येतो, हे विचारणारा चौकोन त्या फॉर्मवर नव्हताच. टर्बोच्या गाडीत सगळा प्रश्नच तो आहे. स्टॉल, म्हणजे गाडी अडवून धरलेली असताना इंजिन ज्या वेगावर अडतं तो, हा कन्व्हर्टरवर कोरलेला आकडा नव्हे. टॉर्क वाढला की तोही वाढतो, साधारण टॉर्कच्या वर्गमुळाच्या पटीत. माझा कन्व्हर्टर ३०० पाउंड-फूट टॉर्कवर २८०० ला अडत होता. ६०० मिळाले असते तर ३९५० च्या आसपास गेला असता. स्टार्ट लाइनवर मात्र बूस्ट नसलेलं इंजिन उभं असतं, त्याच्याकडे ३००च. म्हणून डायनोच्या (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावरचं शिखर नका सांगू, बूस्ट यायच्या आधीचा टॉर्क सांगा.

मग सल्ले सुरू झाले. इग्निशन मागे घे (ठिणगी उशिरा पाड), एग्झॉस्ट तापेल, टर्बो फिरेल. थोडा नायट्रस सोड. दोन्ही उपाय चालतात, पण चुकीच्या कन्व्हर्टरवर ते किती दिवस लिंपत बसायचं? इग्निशन मागे घेऊन तीन शनिवार काढले, मग कन्व्हर्टर उतरवून परत पाठवला. पुन्हा तोच फॉर्म. या वेळी ६५० लिहिले (लिहिताना हात जड झाला, खोटं का बोलू) आणि समासात टर्बोचं माप, बूस्ट कुठे सुरू होतो ते, सोबत डायनोचा आलेख. या खेपेला समोरून फोन आला. कन्व्हर्टरच्या आतल्या स्टेटर आणि पंप या चाकांच्या पात्यांचा कोन बदलून मिळाला.

आता बूस्ट नसताना ३४०० पर्यंत जातो, मग टर्बो धरतो आणि क्षणात ४२००. सुटताना जो धक्का बसला, त्याने सगळा राग गेला. म्हणजे, बराचसा.

पण फार सैल कन्व्हर्टरच्या मोहात पडू नका. बूस्ट लवकर येतो, आणि शेवटाला इंजिन ओरडत राहतं, गाडी मागे, तेल उकळतं. फिनिशचा हिशेब कराच: ताशी मैल गुणिले ३३६ गुणिले डिफरेन्शियलचा रेशो, भागिले टायरचा व्यास इंचात. माझं १४० मैल, ३.५० आणि २८ इंच, म्हणजे टॉप गिअरमध्ये कन्व्हर्टरची स्लिप (घसरण) नसती तर ५८८० आरपीएम. लॉगवर ६३०० दिसले, म्हणजे सात टक्क्यांच्या आत स्लिप. मला चालते.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं. कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये सरकवताना तो टप्प्याटप्प्याने आत बसतो, दरवेळी ‘खट्’ लागतं. शेवटचं ‘खट्’ लागल्याशिवाय गिअरबॉक्स इंजिनाला बोल्टने आवळू नका, गिअरबॉक्सचा तेलाचा पंप फुटतो.